धार लावायचं पुस्तक

प्राचार्यांचा कागद ग्रंथालयात आला तेव्हा ग्रंथपाल एका पुस्तकाच्या पाठीला डिंक लावत होते. कागद आपल्यालाच आहे यावर आधी त्यांचा विश्वासच बसेना. तेवीस वर्षं ते या तंत्रशाळेचं ग्रंथालय सांभाळत होते आणि एवढ्या काळात कार्यालयातून त्यांच्याकडे दोनच प्रकारचे कागद आले होते. एक, पंखा दुरुस्तीला नेत आहोत असा. दुसरा, पंखा नेमका कुठे आहे याची चौकशी चालू आहे असा. हा कागद तिसऱ्याच जातीचा होता. सुतारकाम विभागासाठी हत्यारांना धार लावायचं नवीन यंत्र आलं आहे, ते शिकण्यासाठी योग्य प्रशिक्षण साहित्य निवडायचं आहे, त्यासाठी समिती नेमण्यात येत आहे, आणि समितीचे अध्यक्ष म्हणून पुढे चक्क त्यांचा हुद्दा टाईप केलेला होता. ग्रंथपालांनी तो कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा उभं राहून वाचला. बसून वाचण्यासारखा तो कागदच नव्हता.

यंत्र येऊन तसे सात आठवडे झाले होते. कार्यशाळेबाहेरच्या व्हरांड्यात ते लाकडी खोक्यात बंद पडून होतं, आणि एव्हाना त्या खोक्यावर जेवणाचे डबे ठेवायची, छत्र्या टेकवायची आणि सहीसाठी वाट बघत बसायची सगळ्यांना सवय लागली होती. उघडता येत नव्हतं, कारण नियम. फार पूर्वीच्या एका प्राचार्यांनी नव्या लेथचं पुस्तक न उघडताच लेथचं उद्घाटन केलं होतं आणि त्यांचा टाय यंत्रात गेला होता. प्राचार्य वाचले, टाय वाचला नाही. त्या टायच्या स्मरणार्थ असा नियम झाला की प्रशिक्षण साहित्य निवडून मंजूर होईपर्यंत कोणतंही यंत्र चालू करू नये.

इकडे जुन्या यंत्राच्या दगडाला तडा गेला होता आणि सुतारकामाचे मास्तर रोज संध्याकाळी साठ पटाश्या हाताने सुट्या दगडावर घासत बसत. त्यांचं मनगट सुजलं होतं. परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. बोथट पटाशी लाकडात शिरत नाही, घसरते, आणि घसरली की नेमकी समोरच्या हाताकडे येते. त्यामुळे निम्म्या वर्गाचे अंगठे पट्टीत होते. थोडक्यात, एका पुस्तकावाचून एक अख्खा विभाग अडला होता. पुस्तकावाचून कोणाचं काही अडू शकतं, ही गोष्ट ग्रंथपालांना नोकरीत पहिल्यांदाच दिसत होती, आणि खरं सांगायचं तर ते भारावून गेले होते.

समितीत तिघं. अध्यक्ष ग्रंथपाल, सभासद मास्तर आणि सभासद मुख्य लिपिक बाई. पहिल्या बैठकीला मास्तर आलेच नाहीत. त्यांनी ‘समिती ठरवेल ते मान्य’ अशी चिठ्ठी पाठवली. बाई आल्या, पण बैठकीचा वृत्तांत कागदाच्या एकाच बाजूला लिहिणार की दोन्ही, एवढं विचारून चार मिनिटांत गेल्या. ग्रंथपालांनी उरलेली बैठक एकट्याने पार पाडली. आभारही मानले.

समितीने वर्तमानपत्रात दिलेल्या जाहिरातीला उत्तर म्हणून चार नमुने आले. पहिला ग्रंथ, चारशे बारा पानांचा, सोनेरी अक्षरांचा, दोन्ही हातांनी उचलावा असा. दुसरे भिंतीवर लावायचे तक्ते, एकूण नऊ. तिसरी एक इवलीशी पेन ड्राइव्ह, तिच्यात म्हणे सहा तासांचं चित्रीकरण. आणि चौथी एक पुस्तिका. तिला पुस्तिका म्हणणं हाही मोठेपणाच. टाचणयंत्राने मारलेल्या दोन पिना, अठ्ठावीस पानं, खडबडीत कागद. टपालात पहिलं पान फाटून गेलेलं, पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पाण्याने पुसलेला. सोबत पत्र नाही, नमस्कार नाही, काही नाही.

ग्रंथपालांनी चार दिवस खपून गुणपत्रक तयार केलं. भाषा वीस, छपाई वीस, बांधणी वीस, चित्रं पंधरा आणि सूची पंचवीस. सूचीला सर्वांत जास्त का, असं त्यांना कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर ते दीड तास बोलले असते. पुस्तकाच्या शेवटची विषयसूची हा त्यांचा हळवा कोपरा होता. सूची नसलेलं पुस्तक म्हणजे दार नसलेलं घर, असं ते लग्नात बायकोलाही म्हणाले होते. ग्रंथाची सूची एकेचाळीस पानांची होती. ग्रंथाला अठ्ठ्याऐंशी गुण पडले. तक्त्यांना एकसष्ट. पेन ड्राइव्हला चोपन्न, कारण तिच्यावर दाखल क्रमांकाचं लेबल चिकटवायला जागाच नव्हती. पुस्तिकेला अकरा. त्यांतले पाच त्यांनी दयेने दिले होते.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी हा निकाल बायकोला वाचून दाखवला. ती घरी शिवणकाम करायची. मुलांचे फ्रॉक, शाळांचे गणवेश, पडदे. दिवसभर मशीनवर बसलेली बाई जशी ऐकेल तशीच ती ऐकत होती, म्हणजे भाजी वाढता वाढता. वाचन संपल्यावर तिने सहज विचारलं, “पण त्याने धार लागते का?”

ग्रंथपालांचा घास हातातच राहिला. प्रश्न वाईट नव्हता. वाईट हे होतं की गुणपत्रकात त्याला रकाना नव्हता. ते दोन दिवस दुखावल्यासारखे वागले, तिसऱ्या दिवशी त्यांना पटलं, आणि चौथ्या दिवशी त्यांनी ठरवलं की प्रत्येक साहित्य आपण स्वतः वापरून बघायचं. मोठी माणसं असंच करतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं.

अडचण एकच होती. साहित्य मंजूर झाल्याशिवाय यंत्र उघडता येत नव्हतं आणि यंत्र उघडल्याशिवाय साहित्य पारखता येत नव्हतं. हा गुंता त्यांनी मुख्य लिपिक बाईंसमोर मांडला. बाईंनी चष्मा काढून ऐकला आणि म्हणाल्या की गुंता बरोबर आहे, त्यात नियमाविरुद्ध काही नाही. मग ग्रंथपालांनी घरीच सराव करायचं ठरवलं. यंत्र नाही तर नाही.

इथे शेजाऱ्यांचा प्रवेश होतो. खालच्या मजल्यावर पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहत. त्यांना जगातल्या कोणत्याही विषयाची माहिती होती आणि ती माहिती द्यायला भरपूर वेळ होता. त्यांनी सांगितलं की यंत्र हा सगळा फापटपसारा आहे. चिनी मातीचा कप उपडा करा, त्याच्या बुडाला जी खरबरीत कड असते तिच्यावर घासा, दाढी होईल अशी धार येते. वरच्या मजल्यावर दंतवैद्य होते. ते म्हणाले की कप ठीक आहे, पण सगळा खेळ कोनाचा आहे, आणि दाढ घासताना तो साधारण किती असतो हे त्यांनी ग्रंथपालांचा जबडा धरून दाखवलं. काकांना दंतवैद्याचा कोन पसंत पडला नाही. दंतवैद्यांना काकांचा कप पसंत पडला नाही. दोघं ग्रंथपालांच्या दिवाणखान्यात एका संध्याकाळी पाऊण तास बोलले आणि जाताना दोघांनी आपापल्या घरातल्या बोथट सुऱ्या सरावासाठी आणून ठेवल्या.

ग्रंथपालांनी ग्रंथ उघडला. पहिली शहाण्णव पानं माणसाला लोखंड कसं सापडलं याबद्दल आणि लेखकाच्या गुरुजनांबद्दल होती. सत्त्याण्णवाव्या पानावर मुद्दा आला: ‘योग्य कोन साधावा. योग्य कोन म्हणजे अनुभवाअंती जो योग्य ठरतो तो.’ ग्रंथपालांना हे वाक्य इतकं भारदस्त वाटलं की त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. सुरीला मात्र ते लागू पडेना. मग त्यांनी तक्ते लावले. दिवाणखान्याची एक भिंत पूर्ण झाकली गेली. तक्त्यांवर बाण होते, बाणांना आकडे होते, आणि आकड्यांचा खुलासा दहाव्या तक्त्यावर होता, जो संचात नव्हता. शेवटी पेन ड्राइव्ह. तिच्यात काळा चष्मा घातलेले एक गृहस्थ हसत हसत ‘अगदी सोपं आहे’ असं म्हणायचे आणि मग नेमके चाकासमोर उभे राहायचे. मागे सतार वाजत होती.

तिन्ही पद्धती मिळून केलेल्या सरावाचा परिणाम असा झाला की काकांच्या सुरीने पाव कापायला गेलं तर पाव दबायचा, आणि दंतवैद्यांच्या सुरीला करवतीसारखे दात आले. दंतवैद्यांनी ते मोजले. पण धार लागत असल्याचा भास फार जबरदस्त असतो. हात कपावर मागेपुढे जात असतो, सर्र सर्र आवाज येत असतो, आणि माणसाला वाटतं आपण काहीतरी मोठं काम करतो आहोत. अशाच एका मोठ्या क्षणी, बायको कापड आणायला बाजारात गेलेली असताना, ग्रंथपालांची नजर तिच्या कात्रीवर पडली.

ती कात्री साधी नव्हती. बारा इंच लांब, काळ्या मुठीची, जड. शिवणवर्गातल्या बाईंनी वर्ग बंद करताना आपल्या सगळ्यात चांगल्या मुलीला दिलेली. त्या कात्रीने कागद कापायचा नाही, दोरा तोडायचा नाही, आणि बायकोशिवाय कोणी तिला हात लावायचा नाही, हे घरातलं असं एक कलम होतं जे कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि एकदाही मोडलं गेलं नव्हतं. अलीकडे ती थोडी अडते, असं बायको एकदा म्हणाली होती. ग्रंथपालांना वाटलं, ती येईपर्यंत आपण एक चमत्कार करून ठेवू. त्यांनी कात्री उघडली, आतल्या सपाट बाजू कपाच्या कडेवर धरल्या आणि दोन्ही पाती मनापासून घासली. वीस वीस वेळा. मोजून.

बायको आली. बालवाडीच्या रंगमंचाचे पडदे शुक्रवारी द्यायचे होते आणि आज सोमवार होता. तिने कापड पसरलं, खडूने रेघ मारली, कात्री चालवली. कापड कापलं गेलं नाही. ते मुकाट्याने दोन पात्यांच्या मध्ये दुमडलं. तिने पुन्हा चालवली. पुन्हा दुमडलं. मग तिने कात्री उजेडात धरून पाहिली, आतल्या बाजूचे ओरखडे पाहिले, टेबलावरचा उपडा कप पाहिला. ग्रंथपालांना वाटलं आता ती बोलेल. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

“हात लावायच्या आधी विचारायचं होतं,” एवढंच ती म्हणाली, आणि कापडाची घडी घालू लागली. खडूची रेघ आत राहील अशी.

त्या दिवशी घरात सगळं वेळेवर झालं, चहा, जेवण, सगळं. फक्त कोणी कोणाशी बोललं नाही. ग्रंथपालांनी भिंतीवरचे नऊ तक्ते काढून गुंडाळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते टॉवेलमध्ये गुंडाळलेली कात्री घेऊन सुतारकाम विभागात गेले. मास्तर पटाशी घासत होते. त्यांनी टॉवेल उलगडला, कात्री दोनदा उघडली मिटली, कानाजवळ नेऊन पुन्हा मिटली, आणि आतल्या बाजूवरून नखाचं टोक फिरवलं. ग्रंथपालांनी चाळीस वेळा घासल्याचं स्वतःहून कबूल केलं, म्हणजे तपासाला मदत होईल.

मास्तर म्हणाले की दगडावर हे निघणार नाही. दगडावर हात डुलतो. कितीही सराव असला तरी केसभर डुलतोच. याला हळू फिरणारं, पाण्यातलं चाक हवं आणि पातं धरून ठेवणारी पट्टी हवी. तसं यंत्र आहे. ते खोक्यात आहे.

ग्रंथपालांनी खोक्याकडे पाहिलं. त्यावर कोणाचा तरी डबा होता. मास्तर समितीच्या बैठकीला आले असते तर एव्हाना काहीतरी ठरलं असतं, असं ते न राहवून म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं की आपण जास्त बोललो.

मास्तरांनी पटाशी खाली ठेवली. सुजलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

“मला ते यंत्र येत नाही, सर,” ते म्हणाले. “छत्तीस वर्षं दगडावर काम केलं. आता पोरांसमोर उभं राहून ते चालवायचं आणि माझ्या हातून पातं जळालं, तर मी त्यांना काय सांगू? आणि पुस्तक हातात घेतलं की मला अक्षरं दिसतात, काम दिसत नाही. म्हणून नाही आलो.”

ज्या माणसाला आपण गेली तेवीस वर्षं खिडकीतून बघत आलो, ज्याने हाताने केलेल्या खुर्चीवर खुद्द प्राचार्य बसतात, त्याला एका खोक्याची भीती वाटते, हे ऐकून ग्रंथपाल अवाक झाले. आणि त्याहून जास्त अवाक झाले ते स्वतःच्या तोंडून निघालेल्या वाक्याने. ते म्हणाले, “मी वाचतो. मोठ्याने. तुम्ही नुसतं ऐका.”

राहिला नियम. मुख्य लिपिक बाईंकडे दोघं एकत्र गेले. मास्तर कार्यालयात आलेले पाहूनच बाईंनी चष्मा काढला. मास्तरांचं मनगट पाहिल्यावर त्यांनी तो पुन्हा घातला आणि नियमांची फाईल काढली. अर्ध्या तासाने त्यांना त्यात हवं ते सापडलं. यंत्र ‘चालू’ करायला बंदी होती. निवडीपूर्वी समितीने ‘प्रात्यक्षिक’ करायला बंदी नव्हती. या दोन्हींत फरक काय, असं ग्रंथपालांनी विचारलं. बाई म्हणाल्या की फरक तीन सह्यांचा आहे, आणि पहिली सही त्यांनीच केली. टाय घालून कोणी येऊ नये, एवढी अट घातली.

बुधवारी दुपारी वर्ग सुटल्यावर खोकं उघडलं. आत यंत्र होतं ते शिवणयंत्रापेक्षा फार मोठं नव्हतं. एक राखाडी रंगाचं जाड चाक, त्याच्याखाली पाण्याचं कुंड, वर एक आडवी पट्टी. इतके आठवडे सगळ्यांनी ज्याच्यावर डबे ठेवले ते हे.

ग्रंथपालांनी मान म्हणून ग्रंथापासून सुरुवात केली. मास्तर हातात पटाशी घेऊन उभे, बाई स्टुलावर, आणि ग्रंथपाल सुरेल आवाजात माणसाला लोखंड कसं सापडलं ते वाचताहेत. तीन पानं झाली. मास्तरांनी फार अदबीने विचारलं की हात कुठे ठेवायचे हे त्यात आहे का. ग्रंथपाल म्हणाले, असणारच, सूचीत बघू. सूचीत ‘हात’ होता. पुढे लिहिलं होतं: पाहा, अवयव. त्यांनी अवयव पाहिला. पाहा, सुरक्षितता. त्यांनी सुरक्षितता पाहिली. पाहा, हात. ग्रंथपालांनी एकदा पूर्ण फेरी मारली, मग आणखी एकदा मारली, आणि ग्रंथ मिटला. पंचवीसपैकी पंचवीस दिले होते. असा धक्का माणसाला आयुष्यात एकदाच बसतो.

तक्ते मास्तरांनी लांबून पाहिले आणि परत गुंडाळून ठेवले. चित्रीकरण बाईंच्या संगणकावर बघायला ते कार्यालयात आले, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “हा माणूस पात्याकडे बघत नाहीये. आपल्याकडे बघतोय.” आणि परत गेले.

उरली पुस्तिका. अकरा गुणांची. ग्रंथपालांनी ती उघडली तेव्हा त्यांच्या आवाजात आता सूर वगैरे उरला नव्हता. ते थकून, सरळ वाचत होते. “‘आधी बटण दाबू नका. चाक हाताने फिरवा आणि पाणी वर कसं चढतं ते बघा. दगड पाणी पितो. त्याचं पिऊन होईपर्यंत पातं लावू नका. घाई तुम्हाला आहे, दगडाला नाही.’”

मास्तरांनी मान वर केली. त्यांनी पटाशी बाजूला ठेवली, तळहात चाकावर ठेवला आणि चाक सावकाश फिरवलं. दगड खरंच पाणी प्यायला लागला. त्याचा रंग बदलला, कुंडातलं पाणी कमी झालं, त्यांनी आणखी घातलं. तेही प्यायला.

“पुढे,” मास्तर म्हणाले.

“‘दाबू नका. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालताना हात जेवढा टेकतो तेवढाच टेकवा. मग डोळ्यांपेक्षा कान उघडे ठेवा. आधी खरखर येईल, मग सळसळ, मग जवळजवळ काहीच नाही. तिथे थांबा. तिथे न थांबणाऱ्याने आतापर्यंतचं सगळं घालवलं.’”

मास्तरांनी डोळे मिटले होते. “हे ज्याने लिहिलंय त्याचे हात ओले झालेत,” ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

पुढचा पाऊण तास ग्रंथपाल आयुष्यभर विसरले नाहीत. ते एक वाक्य वाचायचे आणि ते वाक्य त्यांच्या डोळ्यांदेखत मास्तरांच्या हातात जायचं. ‘मनगट नाही, कंबर हलवा,’ आणि मास्तरांचं सुजलेलं मनगट शांत व्हायचं, अख्खं शरीर पातं घेऊन जायचं. खरखर आली. सळसळ आली. मग पाण्याचा तेवढा आवाज राहिला आणि मास्तरांनी हात उचलला. ‘धार कधी दिसत नाही,’ ग्रंथपालांनी वाचलं. ‘दिसते ती बोथट जागा. उजेडाकडे धरा. जिथे चमकतं तिथे अजून काम बाकी आहे.’ मास्तरांनी पटाशी खिडकीकडे धरली. तिघांनी वाकून पाहिलं. कुठेच काही चमकत नव्हतं. पातं जिथे संपत होतं तिथे ते नुसतं संपत होतं.

मास्तरांनी एक लाकडाचा तुकडा घेतला आणि त्याच्या डोक्याकडून, म्हणजे आडव्या कापलेल्या टोकाकडून, जिथे लाकूड सगळ्यात हट्टी असतं, पटाशी हाताने ढकलली. एक पापुद्रा निघाला, हवेत थोडा वळला आणि उघड्या पुस्तिकेवर पडला. त्याच्या खालची अक्षरं वाचता येत होती. मुख्य लिपिक बाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

तेवीस वर्षांत ग्रंथपालांनी हजारो पुस्तकांवर शिक्के मारले होते, क्रमांक घातले होते, डिंक लावला होता. पुस्तक वाचलं गेल्यावर त्याचं पुढे काय होतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते आज पाहिलं. त्यांनी पापुद्रा उचलून खिशात ठेवला.

मग कात्री. पान एकोणीस: ‘कात्रीच्या आतल्या बाजूला दगड लावू नका. तिथे कारागिराने ठेवलेला बाक असतो, तो तुम्हाला दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. लावला असेल तर रडत बसू नका. पान बावीस बघा.’

ग्रंथपालांचा आवाज जरा खाली गेला. त्यांनी पान बावीस काढलं. तिथे वर लिहिलं होतं, ‘हे काम ज्याने बिघडवलं त्याच्याकडून करून घेऊ नये. पण त्याला जवळ उभं करावं.’

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी ग्रंथपालांना खरोखरच हाताला धरून जवळ उभं केलं. कात्री खोलली, एकेक पातं पट्टीवर टेकवलं, आणि ग्रंथपाल वाचत गेले तसं ते करत गेले. बराच वेळ लागला. शेवटी स्क्रू बसवून मास्तरांनी कात्री कानाजवळ नेली आणि एकदा मिटली. मग ती ग्रंथपालांच्या कानाजवळ मिटली. काहीच ऐकू आलं नाही, आणि हेच ऐकायचं असतं हे त्यांना आता कळत होतं.

संध्याकाळी घरी त्यांनी टॉवेल टेबलावर ठेवला आणि स्वतः दारात उभे राहिले. बायकोने टॉवेल उलगडला. कात्री नखावर टेकवून पाहिली. सोमवारची घडी उलगडली. खडूची रेघ अजून होती. तिने कात्री रेघेवर ठेवली आणि पुढे नेली. उघडमीट न करता नुसती नेली. कापड दोन्ही बाजूंना सरकून पडलं. ती शेवटपर्यंत गेली, तिथे थांबली आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

“कोणी केलं हे?” तिने विचारलं.

ग्रंथपालांनी सांगितलं की केलं मास्तरांनी, मी वाचलं. काय वाचलं, म्हणाली. त्यांनी पिशवीतून पुस्तिका काढली. तिने खुर्ची ओढून दिली. पडद्यांचं उरलेलं कापड ती कापत राहिली आणि ते वाचत राहिले, पहिल्या ओळीपासून. दगड पाणी पितो तिथे ती किंचित हसली. पांघरुणाशी तिने मान हलवली. ग्रंथपालांनी तिला सांगितलं की पहिलं पान फाटलं आहे, नाव नाही, कोणीतरी फार मोठा कारागीर असणार, मास्तरांच्याही वरचा. तिने कापडाची पुढची घडी उलगडली. शेवटच्या पानावर यंत्र कसं पुसून ठेवावं ते होतं. त्यात एक वाक्य असं होतं: ‘मध्येच कोणी हाक मारली तर आधी पातं पुसून ठेवा, मग ओ द्या. ओल्या पात्याला गंज लागतो. हाक मारणाऱ्याला काही होत नाही.’

कात्री थांबली.

“हे बाईने लिहिलंय,” बायको म्हणाली.

ग्रंथपाल चकित होऊन म्हणाले की असं कसं सांगतेस.

“अहो, पुरुष कामाला बसला की त्याला हाका कोण मारतं?” ती म्हणाली, आणि पुन्हा कापायला लागली.

ग्रंथपाल पुस्तिकेकडे बघत बसले. सगळी अठ्ठावीस पानं त्यांनी नव्याने वाचली, आणि आता प्रत्येक पानावर त्यांना ती बाई दिसायला लागली. ओल्या हातांची, कान उघडे ठेवणारी, कोणत्या तरी गावात, कोणत्या तरी यंत्रापाशी. दोन पिना मारून तिने हे पाकिटात घातलं होतं आणि नमस्कारसुद्धा लिहिला नव्हता. कदाचित तेवढ्यात कोणीतरी हाक मारली असेल.

पडदे शुक्रवारी वेळेवर गेले. त्याआधी, गुरुवारी, समितीचा अहवाल तयार झाला. विकणाराच माहीत नाही तर मागणी कोणाकडे पाठवायची, ही अडचण बाईंनी स्वतःच काढली आणि पुस्तिकेच्या चाळीस प्रती कार्यालयाच्या यंत्रावर काढून स्वतःच सोडवली. जुनं गुणपत्रक ग्रंथपालांनी फाडून टाकलं. मास्तरांनी सही करताना विचारलं की परीक्षेपर्यंत रोज दुपारी वर्गात येऊन तुम्हीच मोठ्याने वाचाल का. ग्रंथपाल हो म्हणाले.

एक रकाना तेवढा रिकामा होता. ‘लेखकाचे नाव व पात्रता.’ रिकाम्या रकान्यावर मुख्य लिपिक बाईंनी उभ्या नोकरीत शिक्का मारलेला नव्हता. ग्रंथपालांनी खूप विचार केला आणि शेवटी सुबक अक्षरात लिहिलं: ‘नाव माहीत नाही. पात्रता: काम करताना हाका येतात, तरीही हे लिहिलं.’

बाईंनी ते वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. त्यांनी शिक्का उचलला तोच आतून प्राचार्यांनी त्यांना हाक मारली. बाईंनी शिक्का शाईवर दाबला, अहवालावर नीट मारला, कागदाच्या कपट्याने स्वच्छ पुसला, डबीत ठेवला, डबी बंद केली. आणि मग, सावकाश, ओ दिली.